रोहीतक : संदिग्धता, अभिवृद्धी आणि लागवड

प्रास्ताविक

प्लीहा व यकृत यांच्या विकारांत रोहीतकाचे नाव घेतल्याशिवाय आपली चिकित्सा पूर्ण होत नाही. रोहीतकारिष्ट, रोहीतक लोह, रोहीतक घृत ही नावे आपल्या नित्य परिचयाची आहेत. परंतु ज्या वृक्षाची साल आपण रुग्णास देतो, तो वृक्ष आपल्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष पाहिला आहे, हा प्रश्न विचारला तर बहुतेकांना मौन धरावे लागेल. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

काही वर्षांपूर्वी यकृतवृद्धीच्या एका कृश रुग्णास आम्ही रोहीतक त्वचेचा काढा दिला. साल बाजारातून ‘रक्तरोहिडा’ या नावाने आणलेली होती. तिसऱ्या दिवसापासून रुग्णास पोटात मुरडा येऊन द्रवमलप्रवृत्ती होऊ लागली. प्रथम आम्ही त्याचा मृदु कोष्ठ हेच कारण मानले. औषध थांबविताच लक्षणे शमली. तेव्हा मात्र उरलेली साल जाणकारास दाखवावी असे वाटले. त्यांनी ती पाहून सांगितले की ही मरुभूमीतील रोहिड्याची साल नसून सह्याद्रीतील एका वेगळ्याच वृक्षाची असावी. रुग्णास झालेला त्रास त्या सालीमुळेच झाला, असे सिद्ध केल्याचा आमचा दावा नाही. परंतु आपण रुग्णास काय दिले हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेख हे त्या अस्वस्थतेचे फलित आहे.

नाव एक, वृक्ष अनेक

रोहीतक या नावाखाली आज भारतात प्रामुख्याने तीन वृक्षांच्या साली वापरल्या जातात.

१) टेकोमेला अंड्युलाटा : कुल बिग्नोनिएसी. राजस्थानातील रोहिडा तो हाच. दशमुळांतील श्योनाक आणि पाटला यांच्याच कुलातील हा वृक्ष आहे, हे ध्यानात ठेवल्यास त्याच्या फुलाची व बीजाची घडण समजणे सोपे जाते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने रोहीतक म्हणून याच वृक्षाच्या खोडाची साल ग्राह्य धरली आहे.

२) अफानामिक्सिस पॉलिस्टॅकिया : कुल मेलिएसी, म्हणजे निंबकुल. आर्द्र सदाहरित वनांत वाढणारा हा मोठा वृक्ष आहे. बंगालमध्ये व केरळात रोहीतक म्हणून याचा व्यवहार होतो. केरळात त्यास चेम्मरम् म्हणतात.

३) ऱ्हॅम्नस वाइटी : कुल ऱ्हॅम्नेसी, म्हणजे बोरीचे कुल. पश्चिम घाटात मिळणाऱ्या या झाडाची साल आपल्याकडील बाजारात ‘रक्तरोहिडा’ म्हणून विकली जाते. तिच्यात अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये असतात. याच प्रजातिगणातील अन्य वृक्षांच्या साली पाश्चात्त्य वैद्यकात विरेचक म्हणून प्रसिद्ध आहेत. दुर्बल रुग्णात अनपेक्षित विरेचन का होऊ शकते, याचा उलगडा येथे होतो.

निघंटूंत रोहीतकास ‘दाडिमपुष्पक’ असे पर्यायनाम आलेले आहे. डाळिंबाच्या फुलासारखे फूल ज्याचे, तो दाडिमपुष्पक. या एका नावाच्या कसोटीवर तिन्ही वृक्ष लावून पाहावेत. अफानामिक्सिसची फुले अगदी लहान व फिकट असतात. ऱ्हॅम्नसची फुलेही बारीक व हिरवट पिवळी, सहज नजरेत न भरणारी. टेकोमेलाची फुले मात्र घंटेच्या आकाराची, मोठी आणि पिवळ्यापासून नारिंगी व लाल रंगापर्यंतची असतात. ऐन बहरातील रोहिडा पाहिला की दाडिमपुष्पक हे नाव देणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहूनच दिले असले पाहिजे, याविषयी शंका उरत नाही. प्रादेशिक परंपरांचा आदर ठेवूनही आमचे मत टेकोमेलाच्याच बाजूस झुकते.

वनस्पती परिचय व अधिवास

अरबस्तानाचे शुष्क प्रदेश, पाकिस्तानचा दक्षिण भाग आणि वायव्य भारत हा या वृक्षाचा नैसर्गिक पट्टा. आपल्या देशात त्याचे खरे घर म्हणजे थरची मरुभूमी. बाडमेर, जैसलमेर, जोधपूर, पाली, नागौर, बिकानेर, चुरू, सीकर या जिल्ह्यांत तो वाळूच्या टेकड्यांवर आणि शेतांत आढळतो. बाजरी, मोठ व गवार यांच्या शेतात खेजडीच्या जोडीने रोहिडा राखण्याची तेथील शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. १९८३ मध्ये राजस्थान शासनाने खेजडीस राज्यवृक्षाचा आणि रोहिड्याच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला.

वृक्ष लहान ते मध्यम उंचीचा. फांद्या खाली झुकलेल्या. पाने साधी, लांबट, करड्या हिरव्या रंगाची, त्यांच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या. शास्त्रीय नावातील ‘अंड्युलाटा’ हे पद या लाटांवरूनच आले आहे. फुले हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत येतात. त्यांना सुवास नसतो, पण मधुरस भरपूर असतो. बुलबुल, शिंजीर यांसारखे पक्षी त्यासाठी येतात व परागण घडवितात. पिवळ्या, नारिंगी आणि लाल फुलांची झाडे एकाच शेतात शेजारी शेजारी उभी दिसतात. फळ म्हणजे लांब, अरुंद, किंचित वाकडी शेंग. तिच्यात पातळ पंख असलेली चपटी बीजे असतात. श्योनाकाचे बीज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे बीज त्याच्या धाकट्या भावासारखे वाटेल.

वार्षिक पाऊस १५० ते ५०० मिलिमीटर असलेल्या प्रदेशात हा वृक्ष तग धरतो. उन्हाळ्यातील ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान व हिवाळ्यातील गोठणबिंदूपर्यंतची थंडी ही दोन्ही टोके तो सोसतो. त्याची आडवी मुळे जमिनीच्या वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात. त्यामुळे थोडा पाऊस पडला तरी तो टिपला जातो आणि सरकती वाळूही जागच्या जागी बांधली जाते. जो वृक्ष स्वतः दुष्काळात तगतो, तोच सभोवतालची भूमीही तगवितो.

ऱ्हास का होत आहे

रोहिड्याचे लाकूड टिकाऊ व कोरीव कामास उत्तम असल्याने त्यास ‘मारवाडचा साग’ म्हणतात. फर्निचरासाठी त्याची दीर्घकाळ तोड झाली. कोवळी रोपे शेळ्या व उंट खातात. ट्रॅक्टरच्या नांगरटीत आपोआप उगवलेली रोपे उपटली जातात. वृक्षाची वाढ संथ असल्याने गेलेल्या झाडाची जागा लवकर भरून निघत नाही. या सर्वांत सालीच्या मागणीची भर पडते, आणि ही मागणी आपली आहे.

या मागणीचा एक साधा हिशेब मांडून पाहू. भैषज्यरत्नावलीतील रोहीतकारिष्टाच्या पाठात एक तुला, म्हणजे १०० पल रोहीतक त्वचा चार द्रोण जलात उकळून चतुर्थांश काढा उरवावयाचा असतो. त्यात २०० पल गूळ, १६ पल धायटीची फुले आणि पंचकोल, त्रिजात व त्रिफळा ही प्रत्येकी एक पल प्रक्षेप द्रव्ये घालून महिनाभर संधान करावे, असे विधान आहे. ४८ ग्रॅमचे एक पल धरले तर एका पाठास ४.८ किलो साल लागते व सुमारे १२ लिटर काढा मिळतो. दिवसास ४० मिलिलिटर या मात्रेने हे औषध जवळपास दहा रुग्णांना एक महिना पुरेल. म्हणजे एका रुग्णाच्या महिन्याच्या चिकित्सेमागे अर्धा किलो साल. हा आकडा एका वैद्याला लहान वाटेल. परंतु देशभरातील रसशाळांचा विचार केला, तर तो किती झाडांच्या अंगावरून येतो याचा विचार करणे भाग आहे. साल दुर्मिळ झाली की तिच्या जागी दुसरी साल येते. म्हणून संदिग्धतेचा आणि ऱ्हासाचा प्रश्न एकच आहे.

अभिवृद्धी

अ) बीजापासून : हीच सर्वांत सोपी व विश्वसनीय पद्धत. शेंगा साधारणतः वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे मे-जून महिन्यांत पक्व होतात. शेंग तपकिरी होऊन तडकण्यापूर्वी काढावी, अन्यथा पंख असलेली बीजे वाऱ्याबरोबर निघून जातात. शेंगा सावलीत कापडावर वाळवाव्यात. बीज एकाच झाडाचे न घेता अनेक सुदृढ झाडांचे मिसळून घ्यावे.

या बीजास कोणत्याही विशेष संस्काराची गरज नसते. त्याची उगवणशक्ती मात्र लवकर क्षीण होते. येथे आमची पहिली चूक झाली. जोधपूरहून आणलेले बीज आम्ही सोयीच्या वेळेसाठी दीड वर्ष ठेवून दिले आणि मग पेरले. त्यातील जवळजवळ काहीच उगवले नाही. पुढील खेपेस ताजे बीज आणून त्याच महिन्यात पेरले, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात कोंब दिसू लागले. बीज ताजे असणे हाच येथील मुख्य संस्कार होय.

पेरणीसाठी सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या, तळाशी छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्यात. वाळू दोन भाग, पोयटा एक भाग व चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरावे. प्रत्येक पिशवीत दोन बीजे आडवी ठेवून त्यांवर अर्धा ते एक सेंटिमीटर बारीक वाळूचा थर द्यावा. बीज हलके असल्याने पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच घालावे. धारेने घातल्यास बीजे वर येऊन एका कोपऱ्यात गोळा होतात.

कोंब येईपर्यंत ओलावा ठेवावा. नंतर वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. आमची दुसरी चूक येथे झाली. रोपे कोमेजू नयेत या काळजीने श्रावणातल्या ढगाळ हवेतही आम्ही रोज पाणी घालीत राहिलो आणि निम्म्याहून अधिक रोपे बुंध्याशी कुजून आडवी झाली. मरुभूमीतील या अपत्यास दुष्काळापेक्षा आपली माया अधिक घातक ठरते. पावसाची झड लागल्यास पिशव्यांवर तात्पुरते छप्पर करावे. दोन्ही बीजे उगवल्यास जोमदार रोप ठेवून दुसरे कात्रीने कापावे, उपटू नये.

पहिल्या महिन्यानंतर रोपांना पूर्ण ऊन द्यावे, कारण हा वृक्ष प्रकाशप्रिय आहे. दर महिना-दीड महिन्याने पिशव्या उचलून जागा बदलावी, म्हणजे मूळ पिशवीतून जमिनीत शिरत नाही. एक वर्षाचे रोप पुढील पावसाळ्याच्या आरंभी लागवडीस योग्य होते.

आ) मुळांच्या फुटव्यांपासून : रोहिड्याच्या आडव्या मुळांना इजा झाली वा ती उघडी पडली, तर त्यांतून फुटवे निघतात. याचा उपयोग करून घेता येतो. वसंतात, झाडापासून थोड्या अंतरावर उथळ चर काढून बोटाएवढ्या जाडीचे मूळ उघडे करावे, त्यावर हलकी खूण करावी व पुन्हा मातीने झाकावे. फुटवा आल्यावर त्यास स्वतःची मुळे सुटेपर्यंत वाट पाहावी. नंतर पावसाळ्यात मातृमुळापासून तोडून तो मातीच्या गोळ्यासह हलवावा. एका झाडास एका वर्षी एकाच बाजूने असा चर काढावा. या पद्धतीने मिळालेली सर्व रोपे मातृवृक्षाचीच प्रतिरूपे असतात, म्हणून संपूर्ण लागवड केवळ फुटव्यांवर करू नये.

इ) छाट कलमे व उती संवर्धन : छाट कलमांना मुळे फुटणे कठीण जाते. इंडोल ब्युटिरिक आम्लासारखी मूलोत्पादक द्रव्ये वापरूनही सामान्य रोपवाटिकेत यश अल्पच मिळते. उती संवर्धनाने रोहिड्याची कृंतक रोपे तयार करण्याचे जोधपूर येथील संशोधकांचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, म्हणून वैद्याने आपल्या अंगणासाठी बीजाचाच आश्रय करावा.

लागवड व निगा

भूमी वाळूची, रेताड पोयट्याची किंवा मुरमाड असावी. किंचित क्षारता चालते, पण पाणी साचणे चालत नाही. महाराष्ट्रात लावू इच्छिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर या वृक्षाची अपेक्षा करू नये. काळ्या भारी जमिनीतही तो पावसाळ्यात गुदमरतो. माण, खटाव, जत, सांगोला यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांतील मुरमाड उतार किंवा धुळे परिसरातील कोरड्या हलक्या जमिनी यांवर प्रयोग करण्यास वाव आहे. चरकाने औषधी भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे भेद सांगितले आहेत. जांगल देशातील हा वृक्ष आनूपात नेऊन लावणे म्हणजे शास्त्र वाचूनही न वाचल्यासारखे होय.

उन्हाळ्यात ४५ ते ६० सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे घेऊन तापू द्यावेत. खड्ड्यांत ४ मीटर अंतर ठेवावे. शेताच्या बांधावर लावावयाचे असल्यास अंतर आणखी वाढवावे. एक घमेले शेणखत व वाळवी रोखण्यासाठी मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून खड्डा भरावा. पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की आषाढात रोप लावावे. पिशवी बाजूने फाडून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये.

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे दिल्यास मुळे वरच राहतात व पुढे झाड दुष्काळाला तोंड देऊ शकत नाही. रोपाशेजारी तळाला छिद्र असलेले मडके पुरून त्यात पाणी भरण्याची रीत येथे उत्तम. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. तिसऱ्या वर्षानंतर सहसा पाण्याची गरज राहत नाही. शेळ्यांपासून रक्षण ही मात्र अत्यावश्यक बाब आहे. काटेरी कुंपणावाचून लावलेले रोप लावले नाही असेच समजावे. पाने खाणारा एक विशिष्ट सोंडकिडा या वृक्षावर पडतो. प्रादुर्भाव थोडा असता किडलेल्या फांद्या काढून नष्ट कराव्यात.

त्वचासंग्रहण

चरकाने कल्पस्थानात त्वचेचे ग्रहण शरद ऋतूत करावे असे सांगितले आहे. वर्षाऋतूतील वाढ तेव्हा पूर्ण झालेली असते. काल शास्त्राने सांगितला, आता रीतीचा विचार आपण करावयाचा आहे. खोडाभोवती पूर्ण वलयाकार साल काढली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड हळूहळू मरते. एका वेळच्या चार-पाच किलो सालीसाठी संपूर्ण वृक्ष गमावण्याचा हा मार्ग आहे. त्याऐवजी छाटलेल्या पक्व फांद्यांची साल घ्यावी. रोहिडा छाटणीनंतर चांगला फुटतो. खोडाची सालच हवी असल्यास एका बाजूची अरुंद उभी पट्टी, घेराच्या चतुर्थांशाहून कमी, घ्यावी व ती जखम भरून येईपर्यंत त्या झाडास पुन्हा हात लावू नये.

फांद्यांच्या उपयोगास शास्त्राधारही आहे. चरकाने उदरचिकित्सितात रोहीतकाच्या फांद्यांचे तुकडे हरीतकीच्या जलात किंवा गोमूत्रात सात रात्री ठेवून तो द्रव कामला, गुल्म, प्लीहोदर इत्यादींत पिण्यास सांगितला आहे. त्याच अध्यायातील रोहीतक घृतात मात्र २५ पल त्वचा घेतली आहे. जेथे त्वचा सांगितली तेथे त्वचा आणि जेथे फांद्या सांगितल्या तेथे फांद्या, एवढा विवेक ठेवला तरी वृक्षावरील भार हलका होईल.

खरेदी करणाऱ्या वैद्यमित्रांनी व्यापाऱ्याकडे ‘रक्तरोहिडा’ न मागता शास्त्रीय नावाने मागणी करावी, साल कोणत्या प्रदेशातून आली हे विचारावे आणि सालीचा एक नमुना नाव व तारखेसह जपून ठेवावा. शक्य असल्यास तो द्रव्यगुण विभागातून तपासून घ्यावा. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था (स्थापना १९५९) व शुष्क वन संशोधन संस्था (स्थापना १९८८) या रोहिड्याच्या मूळ प्रदेशात मरुवनस्पतींवर काम करणाऱ्या संस्था आहेत. रोपांविषयी अधिकृत मार्गदर्शन हवे असणाऱ्यांनी तेथून आरंभ करावा.

समारोप

पंधरा पिशव्यांपैकी आमच्याकडे आज चार झाडे उभी आहेत. त्यांतील एकास गेल्या माघात प्रथमच फुले आली. ती पिवळी निघाली, लाल नव्हे. तरीही दाडिमपुष्पक हा शब्द वीस वर्षे उच्चारल्यानंतर त्या दिवशी आम्हास त्याचा अर्थ कळला. त्या झाडांची साल आम्ही अद्याप घेतलेली नाही व इतक्यात घेणारही नाही. दोन-तीन वर्षांत पदरात पडणारे हे पीक नव्हे. त्यांचा आजचा उपयोग वेगळा आहे. बाजारातून आलेली प्रत्येक साल आता त्या झाडाशेजारी धरून पाहता येते.

औषधाचे नाव, रूप व उपयोग ही तिन्ही जाणणारा तो उत्तम वैद्य, असे चरक सांगतो. नाव आपण पाठ केले, उपयोग ग्रंथांतून घेतला. रूप मात्र व्यापाऱ्यावर सोपविले. ते परत आपल्याकडे घेण्यासाठी प्रत्येक वैद्याने आपापल्या भूमीस मानवणारे निदान एक संदिग्ध द्रव्य स्वतः वाढवावे, ही विनंती करून हा लेख येथे संपवितो.